माध्यमांच्या माऱ्यात स्वतःचं मत कसं बनवायचं?

बातम्या बघणंच सोडावं का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच सोडू नका. पण एक गोष्ट पाच ठिकाणी दिसली म्हणजे पाच जणांनी ती पडताळून पाहिली, हा समज मात्र आधी डोक्यातून काढा.

२०१८ साली 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असे मेसेज गावोगाव फिरत होते. सोबत एक व्हिडिओ असायचा. गल्लीत पोरं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. मूळ फिल्म कराचीची, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली. तिच्यात ते दोघं मागे फिरतात, पोराला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला, आणि उरलेला तुकडा 'आपल्याकडचा' म्हणून घरोघरी पोचला.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, बहुतेक मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं.

'अडाणी लोक, दुसरं काय' म्हणून हे झटकणाऱ्यांचा मला संताप येतो. मामाने पाठवलेला मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवरही दिसला, की शिकलेल्या माणसालाही तीन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. उगम एकच असतो. छापील मजकुराचंही तेच. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका बड्या नेत्याचं कौतुक करणारा लेख शब्दशः वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणलं, तेव्हा 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात, हा शब्द घराघरांत पोचला.

म्हणून मेसेज आला की मी गाव, तारीख, पोलीस ठाणं यांचा उल्लेख शोधतो. नसेल तर ग्रुपवरच विचारतो, 'हे कुठलं, कधीचं?' नात्यातली मोठी माणसं रागावतात, तरी विचारतो. व्हिडिओ मध्येच तुटल्यासारखा वाटला तर अख्खा मिळतो का ते बघतो. टीव्हीवर चर्चा चालू असेल, तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला किती वेळ बोलू दिलं, हे नीट बघा. बोलूच दिलं नसेल तर त्या दिवशी मत बनवू नका, दुसऱ्या दिवशीचा पेपर येऊ द्या.