वाचकांचे प्रश्न : स्वयंसेवकांचे तास ब्लॉकचेनवर

प्रश्न : आमच्या संस्थेत स्वयंसेवकांचे तास एक्सेलमध्ये नोंदवले जातात. पदाधिकारी बदलले की फाइली गहाळ होतात, आकड्यांवरून वादही होतात. सगळ्या नोंदी ब्लॉकचेनवर टाकल्या तर कायमच्या राहतील का?

उत्तर : राहतील, आणि तीच अडचण आहे: ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर पसरलेली नोंदवही, तिच्यातली नोंद मागाहून पुसता येत नाही. उद्या कुणी ‘माझं नाव काढा’ म्हणालं तर तुम्हाला हात वर करावे लागतील. म्हणून तक्ता स्वतःकडेच ठेवा; साखळीत, म्हणजे ब्लॉकचेनवर, जाऊ द्या फक्त त्याचा हॅश: फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा, बोटाच्या ठशासारखा छोटा कोड. मजकुरात एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

महिनाअखेरीस तक्ता सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलीत) काढा आणि समन्वयकाची डिजिटल सही घ्या. सही महत्त्वाची, कारण दोन तासांचे वीस लिहिले तर ब्लॉकचेन ते वीसच जपून ठेवते. मग तक्ता आणि सही एका झिप फाइलमध्ये बांधून तिच्यावर ओपनटाइमस्टँप्स ही, फाइल अमुक वेळी अस्तित्वात होती याचा पुरावा देणारी, मोफत सेवा चालवा. फाइलचा एसएचए-२५६ या पद्धतीचा हॅश तुमच्याच संगणकावर निघतो. सेवा अनेकांचे हॅश एकत्र गुंफून बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या ब्लॉकचेनवर एकाच व्यवहारात नोंदवते. हाती येते ती छोटी ओटीएस फाइल, म्हणजे या नोंदीचा पुरावा. सुरुवातीला ती अपुरी असते! काही तासांनी, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी, ‘अपग्रेड’ ही आज्ञा देऊन ती पूर्ण करून घ्या. हे राहून गेलं तर पुरावा त्या सेवेच्या सर्व्हरवर लटकलेला राहतो.

मूळ झिपच्या आणि ओटीएस फाइलच्या प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ फाइल हरवली तर नुसत्या हॅशवरून एक ओळही परत मिळत नाही. आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका: तारखांची मांडणी बदलते, हॅश जुळत नाही. ‘ऱ’ हे अक्षरसुद्धा युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. दिसायला एकच, हॅश वेगळे.

प्रश्न : प्रत्येकाच्या मोबाइल नंबराचा हॅश टाकला तर ओळख गुप्त राहील ना?

उत्तर : नाही. दहा आकडी नंबर फार तर एक हजार कोटी. साधा संगणकही ते सगळे हॅश करून पाहतो आणि जुळणारा नंबर शोधतो. प्रत्येक नोंदीला हॅश काढण्याआधी १६ बाइटांचा यादृच्छिक ‘सॉल्ट’ (अंदाज न लावता येणारा मजकूर) जोडा आणि तो वेगळा जपा. नाव काढायची वेळ आली तर मूळ नोंद आणि सॉल्ट दोन्ही पुसा, म्हणजे उरलेल्या हॅशवरून कुणालाच काही शोधता येणार नाही.

प्रश्न : चुकीची नोंद दुरुस्त कशी करायची?

उत्तर : जुनीला हात लावू नका. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात जुन्या नोंदीचा क्रमांक, बरोबर आकडा, कारण आणि सही अशी नवी ओळ घाला.