हेडलाइटचा बल्ब बदलला आणि पाच हजारांचं चलन आलं

प्रश्न : मी गोव्यात फोंड्याला राहतो आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटली की मध्यरात्रीच्या सुमारास लोटली, बोरी पूल या वाटेने मोटारसायकलवरून घरी येतो. गाडी दीडशे सीसीची, तीन वर्षं जुनी, हेडलाइट ३५/३५ वॉटचा हॅलोजन. पावसाळ्यात रस्त्यात बसलेली गुरं अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. गॅरेजवाल्याने आधी ६०/५५ वॉटचा बल्ब घातला, तर काही महिन्यांत कपलर (बल्बाला वायर जोडणारा प्लग) वितळायला लागला. मग एका ॲक्सेसरीच्या दुकानातून एलईडी बल्ब घेतला. दुकानदार म्हणाला, ‘आरटीओ अप्रूव्हड आहे.’ पंधरवड्यापूर्वी लोटलीजवळ पोलिसांनी थांबवून कलम १८२अ(४) खाली ५,००० रुपयांचं चलन दिलं. गाडी जप्त होऊ शकते, सहा महिने तुरुंगवास होऊ शकतो असंही ऐकवलं. शोरूमवाले वायरिंग वॉरंटीत बदलून द्यायला तयार नाहीत. मी शिपवर नोकरीसाठी अर्ज केलाय, पोलीस क्लिअरन्स लागणार आहे. पैसे भरू की कोर्टात जाऊ? दुकानदार आणि शोरूम यांच्याविरुद्ध काही करता येईल का? गॅरेजवाला आता क्रॅश गार्डवर दोन फॉग लाइट लावूया म्हणतो. लावू का?

उत्तर : जप्तीची धास्ती आधी सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली पोलिसांना गाडी अडकवून ठेवता येते ती लायसन्स, वय, नोंदणी किंवा परमिट यांत गडबड असेल तेव्हा. बल्ब बदलणं त्यात येत नाही. फार तर आरटीओ कलम ५३ खाली तुमचं म्हणणं ऐकून, दोष दूर होईपर्यंत नोंदणी निलंबित करू शकतो. तुम्ही मूळचा बल्ब परत बसवलात की त्यालाही काही कारण उरत नाही. सहा महिन्यांची शिक्षा मात्र कलमात खरोखरच लिहिलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १८२अ(४) म्हणतं, की परवानगी नसलेला बदल मालकाने गाडीत केला, त्यात बाहेरून सुटे भाग बसवणंही आलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. एका बल्बासाठी कोणी तुरुंगात पाठवेल असं मला वाटत नाही. पण ‘दर बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नाला ते लागतील.

आता पोलिसांनी लावलेलं कलम बरोबर आहे का? इथे वकील म्हणून मला वाद घालायला जागा दिसते. गाडीतल्या बदलांना मनाई करणारं मूळ कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांबद्दल बोलतं : इंजिन, चॅसिस, इंधन, आसनं वगैरे. हेडलाइटचा बल्ब कुठल्याच आरसी बुकात नसतो. त्यामुळे हा ‘बदल’ नव्हेच, फार तर दिव्यांच्या नियमाचा भंग झाला आणि त्याला सर्वसाधारण कलम १७७ पुरे, म्हणजे पहिल्या वेळी ५०० रुपये, असं म्हणता येतं. पण समोरची बाजूही कच्ची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात कलम ५२ चा अर्थ कडक लावला. उत्पादकाने मंजूर करून घेतलेल्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं ठरवलं. त्यात १८२अ(४) मध्ये सुटे भाग बसवण्याचा उल्लेख आहे, आणि दिवे हे सुरक्षेच्या मानकांखाली येणारे भाग आहेत. शिवाय फार ताणलं तर सरकारी पक्ष कलम १९०(२) काढू शकतो. रस्ता सुरक्षेची मानकं मोडल्याबद्दल त्यात दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. तो पत्ता त्यांच्या हातात आपण होऊन का द्यायचा?

म्हणून माझा सल्ला : भरून टाका. मुद्दा दुबळा म्हणून मी हे सांगत नाही. तुमची परिस्थिती वेगळी आहे. कोर्टात गेलात तर प्रकरण मडगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर येईल, तारखांना शिफ्ट बुडेल, आणि क्लिअरन्सच्या अर्जावर ‘खटला प्रलंबित आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ लिहावं लागेल. तिथे कंटाळून गुन्हा कबूल केलात तर ती दोषसिद्धी झाली, आणि १८२अ(४) खाली दंड ठरलेला असल्याने न्यायाधीश तो हजारावर आणू शकत नाहीत. उलट कलम २०० खाली तडजोड शुल्क, म्हणजे चलनाचीच रक्कम, भरलं की त्या गुन्ह्याची पुढची कारवाई थांबते. त्याला दोषसिद्धी म्हणत नाहीत. फक्त एक गोष्ट : त्याच दुरुस्तीने असंही ठरवलंय की तडजोड झाली तरी पुढे पुन्हा तसाच गुन्हा केलात तर हा ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जाईल. भरण्यापूर्वी ट्रॅफिक सेलला एक अर्ज द्यायला हरकत नाही : मूळ बल्ब परत बसवला आहे, सोबत फोटो आणि बिल, कलम १७७ खाली कारवाई व्हावी. मान्य होईलच अशी आशा ठेवू नका, पण अर्जाची पोच फाइलला असू दे. आणि बिल खऱ्या तारखेचंच हवं. ‘मागच्या तारखेचं करून देतो’ म्हणणारे गॅरेजवाले मी पाहिलेत; पाच हजारांच्या चलनासाठी खोटा पुरावा तयार करू नका.

तुमच्या पत्रात एक गैरसमज दिसतो, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. तुम्हाला वाटतं की पोलिसांनी जास्त उजेडासाठी पकडलं. नियमाला मात्र उजेड कुठे पडतो याची जास्त फिकीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम १०६ वाचा : समोरच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळलेला हवा. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला तो दिपवता कामा नये. ही जागा कुठली? समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांची. हॅलोजन बल्बात डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. वर जाणारा उजेड ती अडवते आणि रिफ्लेक्टर उरलेला रस्त्यावर टाकतो. सगळं गणित त्या तारेच्या जागेवर बेतलेलं असतं. एलईडी बल्बातल्या चिप्स सपाट, दोन बाजूंना लावलेल्या. तारेच्या नेमक्या जागी त्या सहसा बसत नाहीत, त्यामुळे झोताची वरची कड फुटते. तुम्हाला गाडीपुढचा रस्ता लख्ख दिसतो आणि छान वाटतं. पन्नास मीटर पुढे काय आहे ते पूर्वीसारखंच अंधारात, आणि बोरी पुलावर समोरून येणारा आंधळा. पावसात तर तो पांढरा प्रकाश थेंबांवरून उलटून तुमच्याच डोळ्यांत येतो. गुरं दिसावीत म्हणून घातलेल्या बल्बाने गुरं जास्त दिसली का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

समोरचा दिपून पडला तर काय, तेही सांगून ठेवतो. दोष आहे हे माहीत असून गाडी चालवली आणि त्यातून कोणी जखमी झालं, तर कलम १९०(१) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि भारतीय न्याय संहितेची निष्काळजीपणाची कलमं वेगळी. या चलनानंतर ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव तुमच्याकडे उरलेला नाही. विम्याचं थोडक्यात : तिसऱ्या पक्षाच्या भरपाईला बल्बाच्या कारणावरून विमा कंपनी नकार देऊ शकत नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत मात्र ‘न कळवलेला बदल’ म्हणून अडवणूक होऊ शकते. तशी वेळ आलीच तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा अमलेंदू साहू निकाल आठवा. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तरी सबंध दावा फेटाळण्याऐवजी पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग तिथे मान्य केला आहे.

दुकानदाराविरुद्ध तुमची बाजू चांगली आहे. दिव्याला मंजुरी मिळते ती पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनं आणि त्यांचे भाग तपासणाऱ्या संस्थेत चाचणी झाल्यावर, आणि ती कागदावर असते. आरटीओचं कार्यालय बल्ब ‘अप्रूव्ह’ करत नाही. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर साध्या शब्दांत विचारा : मंजुरी कोणाची, प्रमाणपत्राचा क्रमांक काय? उत्तर आलं नाही, किंवा ‘सगळेच वापरतात’ असं आलं, तरी दोन्ही तुमच्या कामाचं. एलईडी बल्ब, खोका आणि बिल फेकू नका. पंधरा दिवसांची नोटीस द्या. मग दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुम्ही वेर्ण्याला काम करता, म्हणून मडगावचा आयोग चालेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि ऑनलाइनही दाखल करता येतं. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवून पाहा, कित्येकदा तेवढ्यानेच पैसे परत मिळतात. बल्बाची किंमत आणि थोडा त्रासाचा खर्च मिळेल. चलनाचे पाच हजार मागा, पण गाडीचा मालक म्हणून जबाबदारी तुमची होती, तेव्हा ते मिळतीलच असं धरून चालू नका.

शोरूमशी भांडण मात्र मी घेणार नाही. हिशोब करा : ३५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर साधारण तीन अँपिअर घेतो, ६० वॉटचा पाच. कपलर आणि वायर तीनसाठी दिलेली. त्यात १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू राहण्याची सक्ती आहे, म्हणजे तुमचा तो ६०/५५ दिवसाउजेडीही तापत होता. कपलर त्याने वितळला, एलईडीने नव्हे, आणि जॉब कार्डवर शोरूमवाले तेच लिहितील. नवा कपलर स्वतःच्या पैशाने घालून घ्या. बाकीच्या वायरिंगला ते हात लावत नसतील तर नकाराचं कारण लेखी मागा, कारण हेडलाइटशी संबंध नसलेल्या भागाची वॉरंटी एवढ्याने जात नाही. आणि गॅरेजवाल्याने हेडलाइट बंद करायला कुठे चोर-स्विच बसवला असेल, तर तो आजच काढायला सांगा.

मग रात्री दिसायचं कसं? कायद्याने काहीच करू नका असं म्हटलेलं नाही. आहे त्याच जातीचा, म्हणजे एचएस१, ३५/३५ वॉटचा, चांगल्या कंपनीचा नवा हॅलोजन घाला. ही दुरुस्ती झाली, बदल नव्हे. जुना बल्ब आतून काळपट होतो आणि आपल्याला ते हळूहळू होत असल्याने कळत नाही. काचेला बोट लावू देऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत टर्मिनलं गंजतात, अर्थिंग सैल होतं, आणि बल्बापाशी व्होल्टेज पाच टक्के जरी कमी पोचला तरी उजेड साधारण पंधरा टक्क्यांनी उतरतो. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून ते बघायला सांगा. रिफ्लेक्टरचा मुलामा गेला असेल तर त्याच मॉडेलचं कंपनीचं हेडलाइट असेंब्ली बदला, काच पिवळी पडली असेल तरी तेच. आणि हे सगळं झाल्यावर नेहमीच्या वजनाने सीटवर बसून, डिपर लावून, झोताची उंची स्क्रूने ठीक करून घ्या. मागे डबा किंवा दुसरा माणूस असेल तर झोत वर जातो, ते धरून. मित्राला ८ मीटरवर उभं करून नियम १०६ ची चाचणी घरच्या अंगणातही होते.

कंपनीच्या वरच्या व्हेरियंटमध्ये एलईडी हेडलाइट असेल आणि तो तुमच्या गाडीला बसत असेल, तर शोरूमकडून तसं लेखी घेऊन आधी आरटीओकडे अर्ज करा. लेखी उत्तर येईपर्यंत थांबा, काउंटरवर कोणी तोंडी ‘चालतं’ म्हटलं तरी.

फॉग लाइटचं उत्तर नाही. नियम १११ प्रमाणे समोर स्पॉटलाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, तीही अपवादात्मक परिस्थितीत. बाजारात फॉग लाइट म्हणून मिळणारे क्रॅश गार्डवरचे ते बारीक दिवे बहुतेक स्पॉटलाइटच असतात. दोन दिवे म्हणजे पोलिसांनी दोन बदल मोजले तर दहा हजार, आणि तडजोड झालेलं हे चलन मागे उभं असेल. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने स्वतः ॲक्सेसरी म्हणून दिलेले दिवे असतील तर शोरूममध्येच बसवा, आणि बिलावर पार्ट नंबर घालून घ्या.