'स्फुट गोष्टी'मधले 'स्फुट' म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे : हरिभाऊ आपट्यांच्या कथासंग्रहाचे नाव 'स्फुट गोष्टी'. अस्फुट म्हणजे अस्पष्ट, मग स्फुट म्हणजे स्पष्ट. पण 'स्पष्ट गोष्टी' या नावाला काही अर्थ लागत नाही. सरळ 'लघुकथा' का म्हटले नाही? आणि मासिकांतून छापून आलेल्या स्वतःच्या कथांच्या संग्रहाला आज हे नाव देता येईल का?

तर्क चुकीचा नाही. संस्कृतात स्फुट् म्हणजे फुटणे, उमलणे. उमलले ते उघडे झाले, उघडे झाले ते स्पष्ट दिसले. गणिती-ज्योतिषी ब्रह्मगुप्ताच्या इ. स. 628 मधल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथनामात तो अर्थ आहे : शुद्ध, नेमका करून घेतलेला. मराठीत तो 'अस्फुट हुंदका', 'अस्फुट शब्द' यांत टिकला. पण फुटण्यातून अर्थाची आणखी एक वाट निघते. जे फुटते ते मूळ वस्तूपासून सुटे होते. मराठीने स्फुट एकटा वापरला तो बहुतेक याच अर्थाने. मोठ्या आख्यानात न बसणाऱ्या, सुट्या रचना ती स्फुट काव्ये. अग्रलेखाखेरीज निरनिराळ्या विषयांवरची छोटी संपादकीय टिपणे ती स्फुटे. (फुटकळ हा शब्दही याच घरातला. त्याच्या वाट्याला मात्र क्षुल्लकपणा आला आणि स्फुटाची अब्रू शाबूत राहिली, याचे मला नेहमी नवल वाटते.)

आता हा शब्द गोष्टीला का चिकटला, ते पाहू. 1890 साली हरिभाऊंनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. नावच बघा. त्याआधीच्या नियतकालिकांची नावे 'मराठी ज्ञानप्रसारक', 'विविधज्ञानविस्तार' अशी भारदस्त. इथे ज्ञानाऐवजी करमणूक पाटीवर आली, आणि पाच वर्षांनी, 1895 मध्ये, का. र. मित्रांचे 'मनोरंजन' हे मासिक आले. 'करमणुकी'चा कणा होता चालू कादंबरी. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' तिथेच प्रकरणाप्रकरणाने छापली गेली, 'उषःकाल'ही. आठवडाभर वाट पाहायची, अंक हाती पडला की 'पण लक्षात'मधल्या नायिकेचे, यमूचे, पुढे काय झाले ते वाचायचे, आणि शेवटी पुन्हा 'पुढे चालू'. मध्येच वर्गणीदार झालेल्याला मागचे धागे ठाऊक नसायचे. अशा अंकात जी गोष्ट कुठल्याच मालिकेला बांधलेली नाही, मागचे न वाचता वाचता येते, तिला सुटी म्हणजेच स्फुट म्हणणे अगदी साहजिक होते. हे नाव साहित्यशास्त्राच्या चर्चेतून आलेले दिसत नाही. नियतकालिकाचा अंक जुळवणाऱ्या माणसाची ती भाषा आहे, आणि मला ती त्यासाठीच फार आवडते.

यात लांबीचा संबंध कुठेच येत नाही. हरिभाऊंच्या काही स्फुट गोष्टी चांगल्या ऐसपैस आहेत. 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळावरची गोष्ट आजही काळजाला हात घालते. तिला 'लघु' म्हणायचे कुणाच्या मनातही आले नसते.

पुढे 'मनोरंजन'च्या काळात 'संपूर्ण गोष्ट' हा शब्दप्रयोग रूढ झाला. कथाकार वि. सी. गुर्जरांचे नाव त्याच्याशी जोडले गेले आहे. वरवर पाहता स्फुट आणि संपूर्ण एकमेकांच्या उलट वाटतात, एक तुटलेले आणि दुसरे पुरे. प्रत्यक्षात दोघांची पाठ चालू कादंबरीकडेच आहे. स्फुट सांगते, ही कशाचा भाग नाही. संपूर्ण सांगते, हिचा शेवट याच अंकात आहे. लघुकथा हा शब्द रुळला तो विसाव्या शतकात, 'रत्नाकर', 'यशवंत' या मासिकांच्या दिवसांत. तो इंग्रजीतल्या नावावरून घडवलेला आहे आणि त्यात पहिल्यांदा आकार मोजला गेला. हिंदीत तर लघुकथा म्हणजे पान-अर्ध्या पानाची कथा. आपल्या लघुकथेला तिकडे कहानी म्हणतात. भाषांतर करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

'गोष्ट' या शब्दाबद्दलही थोडे. संस्कृत गोष्ठी म्हणजे बैठक, बोलणे. सुखदुःखाच्या गोष्टी, गुजगोष्टी यांत ते बोलणे अजून ऐकू येते. हरिभाऊंचा निवेदक वाचकाशी मध्येच थांबून बोलतो, समजावतो, हळहळतो. कथेपेक्षा गोष्ट हाच शब्द त्याला शोभतो.

राहिला तुमच्या संग्रहाचा प्रश्न. वेगवेगळ्या मासिकांसाठी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या, एकमेकींशी धागा नसलेल्या कथा असतील तर 'स्फुट कथा' किंवा 'स्फुट गोष्टी' बिनधास्त म्हणा. अर्थ आजही चोख बसतो. दोन शब्द सुटे लिहा. पण एकच पात्र किंवा एकच गाव सगळ्या कथांतून फिरत असेल तर हे नाव देऊ नका, त्या कथा स्फुट उरत नाहीत.