खाऱ्या पाण्यातल्या शाफ्टसाठी स्टेनलेस बार: ३०४, ३१६ की आणखी काही?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. हर्णै बंदरातल्या मच्छीमार नौकेच्या पंख्याचा ४० मिमी शाफ्ट स्टेनलेस पोलादाच्या ३०४ ग्रेडमध्ये करावा की ३१६ मध्ये. दुकानदाराने स्टेनलेसच्या बारला लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल’ असे सांगितले, ते ग्राह्य धरावे का. आणि उरलेल्या तुकड्यांतून समुद्रासमोरच्या घराच्या खिडक्यांचे गज करता येतील का. माझी बहुतेक वर्षे लेथवर, किनाऱ्यावरच्या नौकांचे शाफ्ट आणि पंपांचे स्पिंडल करण्यात गेली आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

स्टेनलेस पोलाद गंजत नाही याचे कारण त्याच्या पृष्ठभागावर असते. पोलादात क्रोमियमचे प्रमाण साधारण १०.५ टक्क्यांच्या वर गेले, की हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळत असेपर्यंत तो स्वतःच पुन्हा भरून येतो. ‘ऑक्सिजन मिळत असेपर्यंत’ ही अट मात्र नीट ध्यानात ठेवावी, कारण शाफ्ट जिथे खराब होतो तिथे नेमकी तीच पाळली जात नाही. उघड्या वाहत्या पाण्यात फिरणारा भाग वर्षानुवर्षे चकचकीत राहतो. परंतु ग्लँड पॅकिंगखाली (नौकेत पाणी शिरू नये म्हणून शाफ्टभोवती दाबून बसवलेल्या दोरीखाली), रबर बेअरिंगच्या आत किंवा पंख्याच्या बॉसखाली, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या तुंब्याखाली, जे पाणी अडकून राहते, त्यातला ऑक्सिजन संपतो, मिठातले क्लोराइड साचत जाते, आम्लता वाढते, आणि पापुद्रा तुटला तर पुन्हा धरत नाही.

एका नौकेचा ३०४ चा शाफ्ट माझ्याकडे सरळ करण्यासाठी आला होता. बाहेरून तो इतका स्वच्छ होता, की मालकाला तो बदलण्याची गरजच वाटत नव्हती. पॅकिंग जिथे बसते तेवढ्याच चार बोटांच्या पट्ट्यात मोहरीच्या दाण्याएवढी भोके गोलाकार ओळीने पडलेली होती. त्यांपैकी एकात मी झाडूची काडी घातली, तेव्हा ती सहज आठ मिमी आत गेली. तोंड लहान आणि आत पोकळी मोठी, हे अशा खड्ड्यांचे लक्षणच आहे. ग्रॅफाइटयुक्त पॅकिंग वापरल्यामुळे त्या ठिकाणी झीज आणखी वेगाने झाली होती, कारण खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस एकमेकांना टेकले, की विद्युतरासायनिक घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यात स्टेनलेस खाल्ले जाते. म्हणून आपण कोणताही बार घेतलात, तरी पॅकिंग ग्रॅफाइटविरहित घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका खाडीत उभी राहणार असेल, तर हा धोका सर्वांत जास्त असतो. तेव्हा ती किनाऱ्यावर ओढता आली तर ओढावी, नाही तर निदान अधूनमधून शाफ्ट फिरवून आतले पाणी बदलावे.

आता ग्रेडविषयी. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडपुढे टिकण्याची त्याची ताकद मुख्यतः त्यातूनच येते. खड्डे पडण्याला होणारा विरोध मोजण्यासाठी क्रोमियम, त्यात मॉलिब्डेनमची ३.३ पट आणि नायट्रोजनची १६ पट मिळवून एक आकडा काढतात. हा आकडा ३०४ साठी १९ च्या आसपास, ३१६ साठी २४-२५ आणि २२०५ या डुप्लेक्स (दुहेरी रचनेच्या स्टेनलेस) पोलादासाठी ३५ च्या आसपास येतो. गरम समुद्राच्या अडकलेल्या पाण्यात निर्धास्त राहायचे तर ४० च्या वरचा आकडा लागतो, यावरून ३१६ देखील मध्यम प्रतीचाच पर्याय ठरतो हे लक्षात येईल. ३०४ घेऊ नये. नौकामालकाचे बजेट तेवढेच असेल, तर ३१६ घ्यावा, शाफ्टऐवजी स्वतः झिजणारा झिंकचा तुकडा बसवावा, तो झिजला की वेळेवर बदलावा आणि दर वर्षी पॅकिंग काढून आतला भाग पाहावा. पैसे घालता येत असतील, तर २२०५ घ्यावा. त्याची यील्ड मर्यादा, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो ती, किमान ४५० मेगापास्कल, तर ३१६ च्या तापवून मऊ केलेल्या बाराची केवळ २०५ धरतात. म्हणजे पंख्यात जाळे अडकून झटका बसला, तरी शाफ्ट वाकण्याची शक्यता बरीच कमी होते. लेथवर मात्र तो हट्टी आहे; टूल धारदार ठेवावे, फीड (दर फेऱ्याला टूल पुढे सरकण्याचे अंतर) भरपूर द्यावी आणि टूल नुसते घासू देऊ नये, नाही तर पृष्ठभाग कठीण होऊन पुढचा काप बसत नाही. ३०३ चा बार कापायला लोण्यासारखा असतो, म्हणून टर्नर त्याची शिफारस करतात. परंतु ती सुलभता मुद्दाम घातलेल्या गंधकामुळे येते आणि खाऱ्या पाण्यात गंज त्या गंधकाच्या कणांपाशीच सुरू होतो.

लोहचुंबकाच्या परीक्षेवर विश्वास ठेवू नये. मँगनीज वापरून निकेल वाचवलेला २०० मालिकेतला स्वस्त मालही चुंबकाला चिकटत नाही, उलट २२०५ चा उत्तम बार घट्ट चिकटतो, आणि अस्सल ३०४ चा थंड ओढलेला ब्राइट बार किंचित ओढला जातो. मी स्वतः एकदा ‘३१६’ असा शिक्का असलेला बार दाखला न मागता घेतला आणि वर्षभरात तपकिरी डाग पडल्यावर मॉलिब्डेनम तपासण्याचे द्रव लावले, तेव्हा रंग आलाच नाही. शिक्का खोटा होता. ते द्रव आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यात ही चाचणी काउंटरवर होते, तेव्हा दुकानातच आग्रह धरावा. त्याबरोबर मिलचा चाचणी दाखला मागावा आणि त्यावरचा हीट नंबर (त्या ओतीव घाण्याचा क्रमांक) बारवरच्या नंबराशी ताडून पाहावा. क्ष-किरणांच्या तपासणी-गनने क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम कळते, पण कार्बन कळत नाही. म्हणून शाफ्टवर फ्लँज वेल्ड करायचा असेल, तर ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त कार्बन नसलेला ३१६एल आहे की साधा ३१६, हे दाखल्यावरच पाहावे लागते. वजन करूनही अंदाज घ्यावा: व्यासाचा वर्ग गुणिले ०.००६२३, म्हणजे ४० मिमी बार मीटरला सुमारे १० किलो भरला पाहिजे.

खिडक्यांच्या गजांसाठी ३१६ चे तुकडे अवश्य वापरावेत. २२०५ चे वाकवण्याच्या कामात त्रास देतील. पॉलिश जितके बारीक, तितके मीठ कमी धरते. एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: पावसात भिजणारे गज चांगले राहतात आणि छज्जाखाली कोरडे राहणारे आधी डागाळतात, कारण त्यांच्यावरचे मीठ धुतले जात नाही. ते महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसावेत. साध्या लोखंडाच्या चौकटीला वेल्ड करावे लागले, तर ३०९एल रॉड वापरावा आणि लोखंडावर फिरवलेली ग्राइंडिंग डिस्क वा तारेचा ब्रश या गजांना लावू नये. त्यातले लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ठिपके दिसू लागतात. गज बसवल्यानंतर फरशी धुण्याचे अ‍ॅसिड त्या खोलीत वापरू देऊ नये, कारण त्याच्या वाफेनेही एका रात्रीत गजांवर काळपट डाग उठतात. फरशीचे काम आधी पूर्ण करून घ्यावे आणि गज त्यानंतर बसवावेत.