मुलगी गणितात अडली की उत्तर सांगून टाकावं, की तिलाच शोधू द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, अपूर्णांकात अडली की तिच्या शिक्षिका उत्तर सांगत नाहीत, 'तूच विचार कर' म्हणतात, आणि ती रडवेली होऊन घरी येते. याला शिकवणं म्हणायचं की टाळाटाळ, असा तुमचा प्रश्न आहे.

मी पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवते. उत्तर तिनेच शोधायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पण 'विचार कर' म्हणून बाजूला होणं म्हणजे शिकवणं नव्हे, आणि त्याबाबतीत तुमची तक्रार रास्त आहे.

आधी एक करून बघा. तिने अगदी बरोबर सोडवलेल्या गणितावर बोट ठेवा आणि साध्या आवाजात 'नक्की?' एवढंच विचारा. बरीच मुलं लगेच खोडरबर उचलतात. उत्तर बरोबर असतं, तरी खोडतात. बरोबर काय नि चूक काय, हे समोरच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर वाचायचं असतं, अशी त्यांची समजूत होऊन बसलेली असते. एखादं गणित न येण्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. गणित आज नाही तर उद्या येईल. पण आपलं उत्तर आपल्यालाच तपासता येतं हे ज्या मुलाला माहीत नाही, ते कायम कुणाच्या तरी 'हो' ची वाट बघत राहणार.

आता अपूर्णांकाचंच घ्या. १/२ + १/३ = २/५ ही चूक मला दर वर्षी भेटते. अंशात अंश मिळवले, छेदात छेद. 'असं नाही, छेद समान कर' म्हटलं की मूल निमूटपणे ३/६ + २/६ = ५/६ करून दाखवतं. काही दिवसांनी तेच गणित द्या, पुन्हा २/५ हजर. कारण २/५ का चूक, हे त्याला कधी कळलेलंच नसतं. ताईंनी नको म्हटलं, एवढंच कळलेलं असतं.

म्हणून मी चूक आहे असं सांगतच नाही. विचारते, '२/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?' मग पट्टी काढायची, तिचे पाच सारखे भाग करायचे. अर्धी पट्टी म्हणजे अडीच भाग. दोन भाग त्याहून कमी. मूल बघत राहतं. अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं आणि अर्ध्याहून कमी झालं? इथे ते स्वतःच्या हाताने २/५ वर काट मारतं, आणि ही काट त्याची स्वतःची असते. बरोबर उत्तर अजून मिळालेलं नसतं, पण ते अर्ध्याहून जास्त आणि एकाहून कमी असणार हे त्याला कळलेलं असतं. काही मुलं पट्टीचे सहा भाग करून पुढचं आपलं आपण काढतात. काहींना जमत नाही, त्यांना मी छेद समान करायची रीत सरळ शिकवते. आता ती कान देऊन ऐकतात, कारण ही रीत कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक झालेलं असतं.

शिक्षणाचे अभ्यासक मनु कपूर यांनी सिंगापूरच्या शाळांत जे अभ्यास केले, त्यांतही हेच दिसलं. आधी प्रश्नाशी झटापट, त्यात बहुधा अपयश, आणि मग शिक्षकांचं शिकवणं, असा क्रम ठेवला तेव्हा मुलांची समज जास्त खोल गेली. लक्षात राहण्याचंही तसंच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. गाईडमधलं उत्तर वाचून 'आलं मला' असं का वाटतं आणि परीक्षेत ते का सापडत नाही, याचं बरंचसं कारण इथे आहे.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये १९७२ साली असाच विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी प्रयोग करायचे, पुस्तकात प्रश्न असायचे पण उत्तरं नसायची, आणि परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची मुभा. गावातल्या सरकारी शाळांमध्ये हे चाललं, शेकडो शाळांत पोचलं. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. 'हे सगळं हुशार, शहरी मुलांसाठी ठीक आहे' असं कुणी म्हणालं की मला या शाळा आठवतात.

पण सगळंच शोधायला लावू नका. काटकोन ९० अंशांचा मानतात, आधी गुणाकार मग बेरीज करतात, या गोष्टी माणसांनी ठरवलेल्या आहेत. त्या विचार करून सापडत नाहीत, सांगून टाकाव्यात. विषय अगदी कोरा असेल तर आधी दोन-तीन सोडवलेली उदाहरणं दाखवावीत. आणि मूल रडायला आलं असेल तर त्या क्षणी ते काहीच शोधत नसतं. अशा वेळी वही मिटा, जेवायला बसा.

घरी ती अडली तर आधी तिला प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. पुष्कळदा गाडी तिथेच अडलेली असते. मग उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज विचारा. तरी नाही जमलं तर पुढची एकच पायरी दाखवा आणि पेन तिच्या हातात परत द्या. उत्तर बरोबर आलं तरी लगेच 'शाब्बास' म्हणू नका, 'कशावरून?' विचारा. बरोबर उत्तरालाही हा प्रश्न येतो असं दिसलं, की 'कशावरून' म्हणजे चुकलं, ही तिची भीती जाईल.

शिक्षिकेला भेटाल तेव्हा 'उत्तर का सांगत नाही' असं नका विचारू. 'मुलगी अडते तेव्हा तुम्ही तिला पुढचा प्रश्न कोणता विचारता?' असं विचारा. त्यांनी दोन-तीन प्रश्न पटकन सांगितले तर निश्चिंत राहा. नाही सांगता आले, तर वर्गात चाळीस-पन्नास मुलं असताना ते जमणंही कठीण असतं हे ध्यानात घ्या, आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ तुम्ही तिच्याजवळ बसा.