कॉन्ट्रास्टविना रक्तवाहिन्यांचा एमआरआय : वाचकांच्या शंका

त्याच त्या शंका दर आठवड्याला येत असल्याने या वेळी त्यांची एकत्र उत्तरे देत आहे. कॉन्ट्रास्ट म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिला जाणारा डाय.

प्रश्न : इंजेक्शन न देता रक्तवाहिनी दिसते कशी? (धंतोली)

उत्तर : स्थिर ऊतींवर रेडिओलहरींचा वारंवार मारा करून त्यांचा संकेत क्षीण केला जातो, नव्याने आत शिरणाऱ्या रक्ताला तो मारा लागलेला नसतो, म्हणून ते पांढरे उमटते.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर आहे. चालेल का? (कामठी)

उत्तर : पेसमेकरचे कार्ड हृदयरोगतज्ज्ञांना व रेडिओलॉजिस्टना दाखवल्याशिवाय त्यांना एमआरआयच्या खोलीत नेऊ नये.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, क्रिएटिनिन वाढले आहे, चालताना पोटऱ्या दुखतात. ‘डायने किडनी जाते’ असे सगळे सांगतात. (हिंगणा)

उत्तर : ऐकीव माहितीवर तपासणी टाळू नये. 2006 मध्ये गॅडोलिनियमशी (एमआरआयच्या डायमधील धातूशी) जोडला गेलेला धोका किडनी खराब असलेल्यांची त्वचा व अवयव घट्ट होण्याचा होता. आजच्या औषधांत तो फारच कमी आहे. पायांच्या धमन्या हृदयाच्या ठोक्याशी वेळ जुळवून विनाकॉन्ट्रास्टही दिसतात. ईजीएफआरचा (किडनी रक्त किती गाळते याच्या अंदाजाचा) रिपोर्ट घेऊन किडनीतज्ज्ञांना भेटावे.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे. परवा अर्धा तास तिचा उजवा हात उचलला जात नव्हता, मग बरा झाला. नातेवाईक थांबा म्हणतात. एका सेंटरने ‘फुल बॉडी’ पॅकेज सांगितले. (उमरेड)

उत्तर : हात बरा झाला म्हणून धोका टळला असे नाही. हे वाचताक्षणी तिला मोठ्या रुग्णालयात न्या. विदर्भात सिकलसेलची इतकी कुटुंबे असताना पक्षाघाताची ही पूर्वसूचना अजूनही ‘अशक्तपणा’ म्हणून घरी काढली जाते, याचे मला फार वाईट वाटते. या मुलांत मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी टोकाशी अरुंद होत जाते. ती पाहायला काही मिनिटांचा विनाकॉन्ट्रास्ट एमआरआय पुरतो, पॅकेजची गरज नाही. मात्र अरुंद जागी रक्त वेगाने घुसळते, संकेत हरवतो आणि फिरवून दाखवलेल्या चित्रात धमनी तुटल्यासारखी काळी फट दिसते. तीच जागा मूळ पातळ छेदांत पाहिली, तर बारीक पांढरी वाट सलग चाललेली आढळू शकते. म्हणून फिल्मसोबत मूळ छेदांची सीडीही मागून घ्यावी. सिकलसेल ॲनिमिया असलेल्या प्रत्येक मुलाची 2 ते 16 या वयात दरवर्षी डोक्याची डॉपलर सोनोग्राफी व्हायला हवी. तीत मेंदूच्या धमनीतील रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असल्यास नियमित रक्त देऊन पक्षाघात बराचसा टाळता येतो, हे 1998 पासून सिद्ध आहे. हा निर्णय रक्तविकारतज्ज्ञांनीच घ्यावा.

प्रश्न : 3 टेस्लाचेच मशीन हवे का? (सीताबर्डी)

उत्तर : नाही. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप. 1.5 टेस्लावरही चांगली तपासणी होते. रिपोर्ट कोण वाचणार, हे विचारावे.