अल्कोहोलची डिस्क कुठे आहे?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला प्लेटचा फोटो मोठा करून पाहिला. पानांच्या अल्कोहोलमधल्या अर्कात भिजवलेल्या कागदी डिस्कभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ, खाली तुझी तीन उद्गारचिन्हं. आनंद समजतो. पण त्याच प्लेटवर नुसत्या अल्कोहोलची डिस्क कुठे आहे?

विचारतोय, कारण मी स्वतः यात फसलोय. सुरुवातीच्या दिवसांत डिस्क पुरती वाळण्याआधीच अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर ठेवली. सुरेख वर्तुळ आलं आणि दोन दिवस मी हवेत होतो. मग एका वरिष्ठांनी नुसतं अल्कोहोल टिपकवून बघ म्हणून सांगितलं. वर्तुळ तेवढंच! पानांचा त्यात काडीचाही हात नव्हता.

आणि वर्तुळ मोजून वनस्पतींची स्पर्धा लावू नकोस. पाण्याशी न जमणारा रेणू अगारमधून पसरतच नाही, मग तो कितीही दमदार असला तरी वर्तुळ चिमुकलंच. ओव्यातलं थायमॉल उडून शेजारच्या डिस्कच्या हद्दीत शिरतं, ते वेगळंच. त्यापेक्षा द्रव माध्यमात एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा काढ. ९६ खळग्यांची प्लेट, दर खळग्याला निम्मी होत जाणारी मात्रा, मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू आणि १६ ते २० तास. चांगल्या प्रतिजैविकाला संवेदनशील जिवाणू रोखायला मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमीही पुरतं. वनस्पतीतल्या द्रव्यांना बहुधा शेकड्यांनी लागतं. एवढी मात्रा रक्तात टिकवायची कशी, आणि ती माणसाच्या पेशींना सोडेल का, हे प्रश्न तिथेच उभे राहतात. (हळदीतल्या करक्यूमिनकडे वळू नकोस. त्याचा पिवळा रंगच गढूळपणाचं मोजमाप बिघडवतो, शिवाय ते माध्यमात टिकत नाही. त्यात वर्षं घालवलेले लोक मी पाहिलेत.)

मग झाडं इतकी वर्षं जिवाणूंशी झगडतात तरी कशी? मला सगळ्यात आवडणारं उत्तर दारुहळदीच्या कुळातलं आहे. या झुडपांत बर्बेरिन असतं. ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर एकटं फारसं चालत नाही, कारण जिवाणूच्या पडद्यातला नॉर-ए नावाचा पंप ते आत येताच बाहेर फेकतो. पण त्याच कुळातल्या काही झुडपांत मेथॉक्सीहिड्नोकार्पिन नावाचं दुसरं द्रव्य सापडलं. ते स्वतः जिवाणूला काही करत नाही, फक्त तो पंप अडवतं. मग बर्बेरिन आत साचतं आणि काम करतं. हे २००० साली प्रसिद्ध झालं. नुसत्या मारकशक्तीवर चाळण लावली असती, तर हे दुसरं द्रव्य पहिल्याच फेरीत कचऱ्यात गेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. झाडात नवं प्रतिजैविक शोधण्यापेक्षा, निकामी झालेल्या जुन्या औषधाला पुन्हा कामाला लावणारं काही आहे का ते शोध. लसणाच्या ॲलिसिनसारखी थेट मारणारी द्रव्यं आहेत, नाही असं नाही. पण ॲलिसिन पाकळी ठेचल्यावरच तयार होतं आणि इतकं चंचल असतं की त्याची गोळी बनवायची म्हणजे डोकेदुखी.

तुझा जिवाणू सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही ना? मग चेकरबोर्ड लाव, म्हणजे एकाच प्लेटवर दोन्हींच्या वेगवेगळ्या मात्रांच्या जोड्या: आडव्या ओळींत अर्क, उभ्या ओळींत सिप्रोफ्लॉक्सासिन. दोन्हींची एकत्र मात्रा घसरून एफआयसी निर्देशांक (प्रत्येकाची एकत्र असताना लागणारी मात्रा भागिले एकट्याने लागणारी मात्रा, आणि त्या दोन्हींची बेरीज) ०.५ किंवा कमी आला तर मला लगेच फोन कर, रात्र असली तरी. आला नाही तर खचू नकोस. रोधकता पंपामुळे नसून जनुकातल्या बदलामुळे गायरेज हे सिप्रोफ्लॉक्सासिन ज्यावर घाव घालतं ते जिवाणूचं विकरच बदललं असेल, तर पंप अडवून फार काही हाती लागणार नाही. म्हणून आधी जिवाणूचा तेवढा तपास कर. आणि हेही ठेव ध्यानात: पंप अडवणारं एकही द्रव्य अजून जिवाणूंवरचं मान्यताप्राप्त औषध झालेलं नाही. प्लेटवर चालणारी बरीच द्रव्यं पंप अडवेल एवढ्या मात्रेत विषारी ठरतात.

सध्या मात्र जुनीच प्लेट पुन्हा लाव. डिस्क नीट वाळव, आणि अल्कोहोलची डिस्क मधोमध ठेव, फोटोत दिसेल अशी.

तुझे,
सर